शब्दचर्चा : ‘विकराची अभिव्यक्ती’ आणि हिरडीची ‘झडप’

प्रश्न

एका संशोधन-सारांशातलं वाक्य असं आहे : ‘हिरड्याच्या शस्त्रक्रियेनंतर सातव्या दिवशी कृंतकांमध्ये एमएमपी-९ या विकराची अभिव्यक्ती वाढली, शस्त्रक्रियेत उलटा छेद घेऊन झडप उचलली होती.’ (विकर म्हणजे एन्झाइम, एमएमपी-९ हे ऊतीतली प्रथिनं तोडणारं एक विकर, कृंतक म्हणजे उंदीरवर्गीय प्राणी.) इथे ‘अभिव्यक्ती’ हा शब्द बरोबर आहे का? आणि ‘फ्लॅप’ला, म्हणजे छेद घेऊन उचललेल्या हिरडीच्या भागाला, ‘झडप’ म्हणावं का?

---

आधी पहिलाच शब्द दुरुस्त करा. ‘हिरड्याची’ म्हणजे हिरडा या फळाची. दातांभोवतीची ती हिरडी, म्हणून एकवचनात ‘हिरडीची’ आणि अनेकवचनात ‘हिरड्यांची’. एका अनुस्वारावर सगळा अर्थ अवलंबून आहे.

---

‘अभिव्यक्ती’ जनुकाची असते. जनुकावरून आरएनए तयार होतो, आरएनएवरून प्रथिन, या सगळ्या व्यवहाराला जनुकीय अभिव्यक्ती म्हणतात आणि तो शब्द आता रुळला आहे. विकराच्या बाबतीत तो सैल वापरला की वाचकाला कळत नाही, नेमकं काय मोजलं. तीन गोष्टी वेगळ्या आहेत :

आरटी-पीसीआर केली असेल तर आरएनए मोजला. तिथे ‘एमएमपी-९च्या जनुकाची अभिव्यक्ती’ लिहा.

वेस्टर्न ब्लॉट किंवा एलायझा केली असेल तर प्रथिन मोजलं. तिथे ‘एमएमपी-९चं प्रमाण’ किंवा ‘पातळी’.

झायमोग्राफी केली असेल तर विकर काम करतं का ते पाहिलं. तिथे ‘क्रियाशीलता’.

त्यातही झायमोग्राफीबद्दल जपून लिहावं लागतं. जेलमध्ये जिलेटीन मिसळलेलं असतं, साधारण १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. नमुना उकळायचा नाही आणि मर्कॅप्टोइथेनॉल घालायचं नाही, नाहीतर विकराची घडी कायमची मोडते आणि पट्टा दिसतच नाही. प्रथिनं जेलमध्ये वेगळी झाली की २.५ टक्के ट्रायटनने (सौम्य साबणासारखं द्रव्य) धुऊन एसडीएस (प्रथिनांची घडी उलगडणारं, जेलमध्ये वापरलेलं द्रव्य) काढायचं, मग कॅल्शियम असलेल्या द्रावणात ३७ अंशांना रात्रभर ठेवायचं. द्रावणात चुकून ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) आलं तर ते विकराला लागणारं कॅल्शियम आणि जस्त दोन्ही जखडून टाकतं आणि जेल कोरं राहतं. शेवटी कुमासी निळा रंग दिला की निळ्या जेलवर जिथे जिलेटीन पचलं तिथे पांढुरका पट्टा उमटतो. माणसाच्या नमुन्यात निष्क्रिय पूर्वरूपाचा पट्टा ९२ किलोडाल्टनला येतो, त्याच कुळातल्या एमएमपी-२चा ७२ला. गोम अशी की एसडीएसमुळे पूर्वरूपाची घडी उलगडते आणि तेही जेलमध्ये जिलेटीन खातं. म्हणजे जेलवर पट्टा दिसला तरी ऊतीत ते विकर क्रियाशील होतंच असं नाही. म्हणून ‘क्रियाशीलता वाढली’ लिहिताना पूर्वरूपाचा पट्टा की सक्रिय रूपाचा, हे सांगितलंच पाहिजे.

---

मग सरळ ‘निर्मिती वाढली’ म्हटलं तर? सोपं आहे, सगळ्यांना कळतं.

---

एमएमपी-८ आणि ९ साठी तेच सर्वांत धोक्याचं. न्यूट्रोफिल या पेशी ही विकरे अस्थिमज्जेत असतानाच बनवून कणिकांत भरून घेतात आणि जखमेपाशी येऊन रिकामी करतात. हिरडीत विकर वाढलं, पण तिथे ते बनलं नाही. नमुना घेतल्यावर थंड सलाइनने नीट धुतला नाही तर रक्तातल्या न्यूट्रोफिलचंही विकर मोजलं जातं. ‘पातळी वाढली’ यात विकर कुठे बनलं याबद्दल काहीच दावा नसतो.

उलट बाजूचं उदाहरण डॉक्सिसायक्लिनचं. हिरडीच्या आजारात ते २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे जंतू मारायला अपुऱ्या मात्रेत देतात, ते कोलॅजिनेजला (कोलॅजिन तोडणाऱ्या विकरांना) आवर घालण्यासाठी. ते मुख्यतः विकराचं काम अडवतं. त्याबद्दल ‘अभिव्यक्ती रोखली’ लिहिलं तर औषधाचा गुणच चुकीचा सांगितला जातो.

---

‘कृंतक’ शब्द चांगला आहे, कृन्त् म्हणजे कापणे, कुरतडणे. पण तो गणाचा शब्द. ससा त्यात येत नाही (वरच्या पुढच्या दातांमागे त्याला दुसरी छोटी जोडी असते), चिचुंद्रीही येत नाही. गिनीपिग मात्र येतो. आणि मराठीत ‘उंदीर’ म्हटलं की माउस आणि रॅट दोन्ही आले. माउस २०-३० ग्रॅमचा, रॅट त्याच्या दहापट. प्रयोगासाठी हिरडीचा आजार घडवायचा तर माउसमध्ये बहुधा वरच्या दुसऱ्या दाढेला ५-० रेशमी दोरा बांधतात, कारण दोन्ही बाजूंनी दाढा टेकलेल्या असल्याने तो निसटत नाही. रॅटमध्ये पुष्कळदा खालची पहिली दाढ घेतात. म्हणून ‘माउस’ किंवा ‘रॅट’ असंच लिहावं.

---

आता ‘झडप’. झडप बिजागरीवर उघडते-मिटते, हृदयालाही असते, म्हणून गोंधळ. ‘पदर’ जवळचा वाटतो, एक कड मोकळी आणि दुसरी अंगाला धरून. फ्लॅपचा जीवही त्या धरून राहिलेल्या बुडातच असतो, रक्त तिथूनच येतं. बूड अरुंद ठेवलं की टोक काळं पडतं. पण ‘दोनपदरी दोर’, ‘चौपदरी रस्ता’ यांत पदर म्हणजे थर किंवा पट्टा, आणि फ्लॅप तर ‘पूर्ण जाडीचा’ (हाडावरच्या आवरणासकट) आणि ‘अर्धवट जाडीचा’ असा दोन प्रकारचा. तिथे ‘एकपदरी पदर’ अशी अडचण होईल. माझं मत : ‘फ्लॅप’च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘बुडाशी जोडलेला हिरडीचा पदर’ असं एकदा सांगा.

‘उलटा छेद’ मात्र नको, चुकून उलटा घेतल्यासारखं वाटतं. ‘आतल्या उताराचा छेद’ म्हणा. पाते हिरडीच्या कडेपासून अर्धा ते एक मिलिमीटरवर टेकवून हाडाच्या काठाकडे नेतात, त्यामुळे खिशाचं (हिरडी आणि दात यांच्यात आजाराने पडलेल्या पोकळीचं) आतलं अस्तर निघतं आणि बाहेरची हिरडी वाचते. ‘बाहेरच्या उताराचा’ छेद हिरडी-उच्छेदनात असतो, दाताकडे साधारण ४५ अंशांत, खिशाच्या तळाच्या खुणेच्या किंचित मुळाकडून. ‘हिरडीछेदन’ लिहू नका. छेदन म्हणजे नुसतं कापणं, उच्छेदन म्हणजे कापून काढणं.

---

मग वाक्य असं होईल का? ‘हिरडीच्या फ्लॅप शस्त्रक्रियेत आतल्या उताराचा छेद घेतला, सातव्या दिवशी रॅटच्या हिरडीत एमएमपी-९ची पातळी वाढलेली आढळली.’

---

मूळ नमुन्यात रॅटच असतील आणि मोजणी एलायझाने केली असेल तर हो. झायमोग्राफी असेल तर ‘पातळी’च्या जागी ‘पूर्वरूपाच्या पट्ट्याची तीव्रता’ किंवा ‘सक्रिय रूपाच्या पट्ट्याची तीव्रता’, जे मोजलं असेल ते लिहा.