आबाजीले खाटेवर किती दिवस ठेवता?

आत्या (अमरावती): सकाळी व्हिडिओ कॉलवर आबाजींना पाहिलं. डाव्या मांडीचं नुसतं कातडं लोंबून राहिलं. पोळ्याच्या आधी मोडलेल्या हाडाचं ऑपरेशन झालं, दसरा तोंडावर आला, आणि ते अजून खाटेवरच. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय, चालवा, पायावर वजन टाकू द्या. तो कागद मी या ग्रुपवरच टाकला होता. कोणी वाचला का?

मोठे बाबा: ८४ वय आहे त्याईचं. या वयात आरामच पाहिजे. मोहाच्या तेलानं दोन टाइम मालिश करा.

काकू (घर): वाचला बाई. सोयाबीन सोंगून शेतात पडलं आहे, मजूर भेटत नाही, तुमचे भाऊ थ्रेशरच्या मागं फिरून राहिले. ढोरं, सैपाक, आबाजीचं अंग पुसणं सगळं माझ्यावर. त्याईले उभं कराले दोन माणसं लागतात, दिवसभर मी एकटी. पडले तर याच ग्रुपवर माझं नाव निघन.

आत्या (अमरावती): वहिनी मी तुम्हाला काही म्हटलं का?

काकू (घर): नाई जी. कोणालेच म्हटलं नाई तुमी.

दादा (पुणे): पायाला बांधायचं मसाज मशीन ऑर्डर करू का? ऑफर चालू आहे

मोठे बाबा: मशीन कायले. मोहाचं तेल. आरामानं शक्ती येते.

छोटी (सावंगी): मोठे बाबा राग मानू नका, पण आरामानं येत नाही, जाते. फिजिओथेरपीच्या कॉलेजात आम्हाला हे सगळ्यात आधी शिकवतात. २००७ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, चांगल्या धडधाकट म्हाताऱ्या माणसांना १० दिवस पलंगावर ठेवलं, तर फक्त पायांमधलंच जवळपास १ किलो वजन उतरलं, बहुतेक सगळं मांसच. आबाजींचं तर वरून हाड मोडलेलं. वय झालं की आधी जोराचे, चटकन काम करणारे स्नायूचे तंतू बारीक होतात, म्हणून म्हातारं माणूस ठेचकाळलं की सावरू शकत नाही. आबाजी मोरीत असेच पडले ना.

जावईबापू: मोरीत फरशी बसवा म्हणून मी मागच्या दिवाळीत सांगतलं होतं

काकाजी (घर): तुमच्या फरशीचे पैसे कोण देत होतं पण? मोटरचं बिल अजून माझ्याच डोक्यावर आहे

जावईबापू: पैशाचं नाही म्हटलं जी मी

आत्या (अमरावती): मोटर आणि फरशी नंतर. छोटे, तू सांग.

काकू (घर): छोटे, मी काल उठवून पाहिले त्याईले. दोन्ही हातानं खाटेची पाटी धरतात, अंग पुढं टाकतात, आणि मग मांडी अशी थरथर कापते का मले भेव वाटते. अर्ध्यातूनच बसून जातात. म्हणतात जमत नाई व माय.

छोटी (सावंगी): काकू हे तुम्ही बरोबर पाहिलं. एक तर म्हातारपणी उठताना मांडीचा पुढचा आणि मागचा स्नायू दोन्ही एकदमच आवळून बसतात, तोल जाईल म्हणून. मग पुढचा स्नायू पाय सरळ करू पाहतो आणि मागचा त्यालाच मागं ओढतो, मेहनत वाढते. दुसरं, नुसतं खुर्चीवरून उठायला तरण्या माणसाच्या पुढच्या मांडीची ४० टक्क्यांच्या आसपास ताकद लागते, म्हाताऱ्याची ८० टक्क्यांच्या आसपास. हे धडधाकट म्हाताऱ्यांचं. आबाजींजवळ तर शिल्लकच कमी आहे, आणि आपली निवारीची खाट मधातून झोल पडलेली, खाली गेलेली. तिच्यावरून उठणं सगळ्यात कठीण. त्यांना दिवाणावर आणा ना. गुडघे कमरेपेक्षा खाली राहिले पाहिजेत.

काकाजी (घर): दिवाण बी ठेंगणाच आहे. खाली विटा लावतो

छोटी (सावंगी): सुट्या विटा नको, सरकतात. सुताराकडून खाच पाडलेले ठोकळे करून घ्या.

मोठे बाबा: आणि मोहाचं तेल.

जावईबापू: आबाजी उभे झाले का आधी पारावर पत्त्याच्या डावाले जातील पाहा 😄

काकू (घर): जाऊ द्या, घरात तरी शांती राहीन

दादा (पुणे): पण ८४ व्या वर्षी स्नायू वाढतात का खरंच? की उगाच त्रास?

छोटी (सावंगी): वाढतात दादा. १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या लोकांकडून ८ आठवडे पायानं वजन उचलवून घेतलं, पुढच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांस थोडंच वाढलं, पण डोक्याकडून स्नायूला निरोप जाणं सुधारतं. म्हणून हलकं हलकं करत वर्षभर नेण्यात अर्थ नाही, झेपेल तेवढा जोर लागलाच पाहिजे आणि हळूहळू वाढला पाहिजे. सध्या एवढंच: पडल्या पडल्या घोटा वरखाली, गुडघ्याखाली टॉवेल ठेवून मांडी आवळून धरायची, श्वास न रोखता. मग उंच दिवाणावरून हाताच्या आधारानं उठबस, दमले की थांबायचं. वॉकर समोर, माणूस बाजूला. आणि आबाजी माळकरी, अंडं नाही, तर दूध, दही, घट्ट वरण, पिठलं वाढवा. त्यांच्या ५० किलो वजनाला दिवसाला निदान ५०-६० ग्रॅम प्रोटीन लागते, ते एका वाटी पातळ वरणात नाही होत.

काकू (घर): सगळं समजलं. माणूस बाजूला म्हणजे कोण?

काकू (घर): सगळ्यांनी वाचलं दिसते. माणूस कोण?

आत्या (अमरावती): मी शनिवारी मुक्कामी येते. सोंगणी आटपेपर्यंत राहते वहिनी, सकाळ-संध्याकाळ मी उठवीन. तुम्ही शेत पाहा.

काकू (घर): या बाई. खरंच या.

दादा (पुणे): मशीन कॅन्सल. ठोकळ्याचे आणि वॉकरचे पैसे मी टाकतो काकाजी

मोठे बाबा: मी रविवारी येतो. तेल आणतो.

छोटी (सावंगी): आणा मोठे बाबा, व्यायाम झाल्यावर चांगल्या पायाला हलक्या हातानं लावू. टाक्याच्या जागेवर नको. आणि पोटरी सुजली किंवा गरम लागली तर अजिबात चोळायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. रक्ताची गाठ असू शकते.

मोठे बाबा: बरं.

काकाजी (घर): सुतार म्हणते उंची किती ठेवू? लवकर सांग, तो उद्या वरूडले चालला