कोरियन साहेबांना ‘तुम्ही’ कसं म्हणायचं?

चाकणकर: पुढच्या महिन्यात कंपनीतर्फे सोलला प्रशिक्षणासाठी जायचं आहे. वाक्याच्या शेवटी ‘यो’ लावून जुजबी बोलता येतं. शब्दकोशात ‘तुम्ही’साठी ‘दांगशिन’ सापडला. साहेबांना तो चालेल का? आणि रात्रीच्या जेवणाला काय सांभाळायचं?

हानगांग: ‘दांगशिन’ अजिबात नको. नवरा-बायको एकमेकांना म्हणतात किंवा जाहिरातीत दिसतो. परक्याला तोंडावर म्हटलं तर भांडण उकरून काढल्यासारखं होतं. हुद्द्याला ‘निम’ हा मानाचा प्रत्यय जोडा. विभागप्रमुख पार्क असतील तर ‘पार्क बुजांगनिम’, नुसतं ‘बुजांगनिम’ही चालतं. जिथे ‘तुम्ही’ येईल तिथे हाच हुद्दा, नाहीतर कर्ता सरळ गाळायचा. ‘श्शी’ बरोबरीच्यांसाठी, तोही पूर्ण नावाला किंवा पहिल्या नावाला. नुसत्या आडनावाला जोडून ‘किम श्शी’ म्हटलं की समोरच्याला कमी लेखल्यासारखं वाटतं.

मराठी माणूस अडकतो तो क्रियापदात. ‘साहेब गेले’ यातला मान साहेबांचा. ऐकणारा कोण आहे याने ‘गेले’ बदलत नाही. कोरियनमध्ये दोघांचा हिशेब एकाच क्रियापदात असतो. मधला ‘शि’ ज्याच्याबद्दल बोलतोय त्याचा, शेवटचा ‘यो’ ऐकणाऱ्याचा. साहेब गेले का, हे जवळच्या मित्राला ‘बुजांगनिम गाश्योस्सो?’ असं विचारतात, सहकाऱ्याला ‘गाश्योस्सोयो?’. ‘यो’ लावला की भागलं असं समजून ‘गास्सोयो?’ विचारलं, तर साहेबांचा मान राहून जातो. आणि ‘शि’ स्वतःला कधीच लावू नका: ‘जो गासेयो’ (‘शि’ आणि ‘यो’ मिळून ‘सेयो’) चूक, ‘जो गायो’ (मी जातो) बरोबर. सभेत बोलताना ‘यो’ऐवजी ‘म्निदा’ने संपणारं, जास्त औपचारिक रूप वापरा.

सोजूनको: जेवणाचं सांगतो. सगळ्यांत वडीलधाऱ्याने चमचा उचलल्याशिवाय सुरुवात करू नका. भात चमच्याने खायचा, वाटी टेबलावरच ठेवायची. भातात जेवणाच्या काड्या (चॉपस्टिक) उभ्या खोचायच्या नाहीत, ते पितरांच्या विधीसारखं दिसतं. अर्ध्या ग्लासात भर घालायची नाही, त्यामागेही तोच विधी. ग्लास रिकामा होऊ द्या. ओतताना बाटली उजव्या हातात, डावा हात तिच्या तळाशी किंवा उजव्या मनगटापाशी. आपला ग्लास आपण भरत नाहीत. वरिष्ठांसमोर पिताना तोंड बाजूला वळवायचं, ग्लास भिडवताना आपला थोडा खाली धरायचा. दारू घेत नसाल तर आधीच सांगा आणि ‘साइदा’ (लिंबाच्या चवीचं सोडापेय) भरून घ्या. हात आखडून बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

बानमाल_नको: वरच्यात एक भर. काही कंपन्यांनी हुद्दे काढून सगळ्यांना नावापुढे ‘निम’ लावायची पद्धत आणली आहे, म्हणून पहिल्या दिवशी सहकारी काय म्हणतात ते ऐका. वयाने मोठा सहकारी तुमच्याशी फार औपचारिक बोलत असेल, तर ‘माल्स्सुम प्योनहागे हासेयो’, म्हणजे मोकळेपणी बोला, असं तुम्ही म्हणू शकता. मात्र ही मुभा त्याला मिळते, तुमचा ‘यो’ तसाच राहतो. संध्याकाळी निघताना साहेबांना ‘सुगोहासेयो’ (शब्दशः ‘कष्ट करा’) म्हणू नका, ते वरच्याने खालच्याला म्हणायचं. ‘मोन्जो दुरोगा बोगेस्सुम्निदा’ (मी आधी निघतो) म्हणून किंचित वाका आणि निघा.