सकाळी गाडी बसलेली असते : एअर सस्पेन्शनची गळती शोधायची कशी?

शंकासुर :
जाणकारांचा सल्ला हवा आहे. गाडी मोठी, सात सीटर एसयूव्ही. चारही चाकांना एअर सस्पेन्शन, म्हणजे लोखंडी स्प्रिंगांऐवजी हवा भरलेल्या रबरी बॅगा. नऊ वर्षं जुनी, १ लाख ३० हजार किलोमीटर झालेत. महिनाभरापासून रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी बसलेली दिसते. कधी नुसतं नाक खाली, तर कधी चारही कोपरे, म्हशीनं बसकण मारावी तशी. स्टार्ट केली की बॅगांत हवा भरणारा कॉम्प्रेसर घरघरतो, दीड-दोन मिनिटांत गाडी उठते आणि मग दिवसभर काही कुरबूर नाही. गेल्या आठवड्यात मात्र पिवळा दिवा लागला आणि उंची कमी असल्याचा मेसेज आला.

गॅरेजमध्ये दाखवली. खाली वाकून कुणी पाहिलंसुद्धा नाही. स्कॅनर लावला, 'टाकी भरताना दाब हळू वाढतोय' असा कोड निघाला (टाकी म्हणजे सस्पेन्शनची हवा साठवायची), आणि निकाल लागला : कॉम्प्रेसर बदला, चारही एअर बॅगा बदला. (सस्पेन्शनच्या बॅगा हं, अपघातात फुगतात त्या नव्हेत.) मला पाना धरता येतो, थोडंफार कळतं, पण सगळं एकाच महिन्यात गेलं हे काही पटत नाही. सुरुवात कुठून करू? की सरळ साध्या स्प्रिंगा टाकून मोकळा होऊ?

वायुपुत्र :
विषय बघून आमच्या आयडीला धाग्यावर येणं भागच होतं. :)

कॉम्प्रेसर बदलू नका. निदान आत्ता तरी. तो कोड इतकंच सांगतो की दाब हवा तितक्या वेगानं चढत नाही. कॉम्प्रेसर थकलाय म्हणून चढत नाही, की भरलेली हवा दुसरीकडून पळतेय म्हणून, यातला फरक कोडमध्ये नसतो. हा कॉम्प्रेसर मुळात मधूनमधून थोडा वेळ चालण्यासाठी बनवलेला छोटा पंप आहे. गळतीमुळे तो रोज राबतो, तापतो, पिस्टनची रिंग झिजते. म्हणजे बहुतेक वेळा कॉम्प्रेसर हा गळतीचा बळी असतो. गळती तशीच ठेवून नवा बसवलात तर त्याचीही तीच गत होणार.

आता चारही कोपरे का बसतात ते. बऱ्याच गाड्यांत सस्पेन्शनचा कंट्रोलर गाडी बंद असतानाही काही तासांनी जागा होतो आणि गाडी समतल आहे का ते बघतो. एक कोपरा खाली गेलेला दिसला की बाकीच्या तिघांतली हवा सोडून सगळ्यांना त्याच्या पातळीवर आणतो. गळतो एक, शिक्षा चौघांना. म्हणून सकाळी नुसतं बघून काही कळत नाही.

आज रात्री एवढंच करा. गाडी सपाट जागी नेहमीच्या उंचीवर आणा, इंजिन बंद करा आणि सस्पेन्शन कंट्रोलरचा फ्यूज काढून ठेवा. मग टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून सरळ वर, कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. चारही चाकं, मिलिमीटरमध्ये, कागदावर. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा आणि फरशीचा उतार त्यात लुडबुड करतात. सकाळी फ्यूज लावायच्या आधी परत मोजा.

पानाहातोडी :
टेप घेण्याआधी माझं ऐका. नुसत्या हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरायचं नाही. डोकं नाही, हातही नाही. चाक आणि कमान यांच्यामध्ये हात घालून लोक बॅग चाचपतात, आणि एखादा जोड सुटला तर गाडी बसायला वेळ लागत नाही. चासीखाली स्टँड लावा, गाडीत जॅक मोड (उंची आपोआप बदलणं थांबवणारा) असेल तर तो चालू करा, मग काय ते बघा.

निवांत_चालक :
मी साध्या स्प्रिंगा टाकल्या. तीन वर्षं झाली, शांत झोपतो. हवा नाही, गळती नाही, धागे काढणं नाही.

वायुपुत्र :
@निवांत_चालक, झोप महत्त्वाची, मान्य. पण गाडी उंच-सखल करता येणं गेलं, आणि मागे सामान भरलं की शेपूट आपोआप सावरणंही गेलं. शिवाय कंट्रोलरची समजूत काढल्याशिवाय दिवा विझत नाही तो नाहीच. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोगहॅमला एअर सस्पेन्शन होतं आणि गळतीला कंटाळून तेव्हाही कित्येक मालकांनी स्प्रिंगाच टाकल्या होत्या, तेव्हा तुमची परंपरा जुनी आहे. माझं म्हणणं एवढंच, आधी बिघाड कळू दे. दहा मिनिटांचं काम निघालं तर पस्तावाल.

शंकासुर :
मापं घेतली. रात्री १० वाजता पुढे डावं ४६५, पुढे उजवं ४६४, मागे डावं ४७८, मागे उजवं ४७७. सकाळी ७ वाजता त्याच क्रमानं ४६२, ४०३, ४७५, ४७५.

म्हणजे पुढचा उजवा एकटा ६१ मिलिमीटर खाली! आणि गॅरेजवाले चारही बदलायला निघाले होते. बाकीचे दोन-तीन मिलिमीटर गेलेत त्याचं काय?

वायुपुत्र :
त्यांना सोडून द्या. रात्री हवा गार होते. बॅगेवर वजन तेवढंच, म्हणून दाब तेवढाच, मग आकारमान कमी होतं. तापमान २० अंशांनी उतरलं तर सुमारे ७ टक्के. त्यामुळे गळती नसतानाही गाडी किंचित बसते.

आता संशयित तिघं : ती बॅग, तिथवर जाणारी नळी तिच्या दोन्ही टोकांच्या जोडांसकट, आणि व्हॉल्व्ह ब्लॉकमधला (चारही कोपऱ्यांना हवा वाटणारा ठोकळा) त्या कोपऱ्याचा व्हॉल्व्ह. भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी फवारणीच्या बाटलीत भरा. गाडी सगळ्यात वरच्या उंचीवर न्या, मग फ्यूज काढा. वरच्या उंचीवर का? रबर खालच्या पिस्टनवर (कॉम्प्रेसरचा नव्हे, बॅगेच्याच तळाचा दट्ट्या) जिथे दुमडतं तिथे भेगा पडतात आणि नेहमीच्या उंचीला त्या घडीत लपलेल्या असतात. उलटही होतं, म्हणजे वर घट्ट आणि खाली गळकी. म्हणून दोन्ही उंचीला बघा. पंक्चर काढताना येतात तसे टपोरे बुडबुडे शोधत बसू नका. रात्रभरात ६० मिलिमीटर ही बारीक गळती आहे. पाणी मारा, पाच मिनिटं थांबा, मग टॉर्चच्या तिरक्या उजेडात पांढरा बारीक फेस दिसतो का बघा. काम झालं की साध्या पाण्यानं धुवा.

व्हॉल्व्हसाठी कॉम्प्रेसरची हवा बाहेर सोडणारी नळी शोधा आणि तिचं टोक ग्लासभर पाण्यात धरा. फ्यूज काढलेलाच हवा, नाहीतर पाणी उलटं आत खेचलं जायची भीती. गाडी निपचित असताना ग्लासात बुडबुडे आले तर हवा ब्लॉकमधून झिरपतेय. आले नाहीत म्हणून ब्लॉक पूर्ण निर्दोष ठरत नाही, पण संशयितांत तो मागे जातो.

तिरकस_डोळा :
मध्येच विचारतो. माझी गाडी उभी असताना बसत नाही, पण चालू केली की डावी बाजू चांगली चार बोटं वर चढते. ही पण गळतीच का?

पानाहातोडी :
नाही. गळती गाडी वर चढवत नाही. उंचीच्या सेन्सरची छोटी दांडी असते, तिचा गोळा निसटलाय किंवा ती गंजून अडकलीय. कंट्रोलरला वाटतं गाडी खाली आहे, म्हणून तो हवा भरत बसतो. हातानं हलवून बघा, आधी स्टँड लावून.

शंकासुर :
आजचा अहवाल. ग्लास अर्धा तास धरून बसलो, एकही बुडबुडा नाही. बॅग वरच्या उंचीला तपासली, नेहमीच्या उंचीला तपासली, घडी बोटानं उलगडून पाहिली. रबर जुनं आहे, वर केसासारख्या रेघा आहेत, पण फेस कुठेच नाही. सकाळी गाडी परत तेवढीच खाली. वेड लागायची पाळी आली आहे.

पानाहातोडी :
बॅगेच्या डोक्यावरचा जोड पाहिलात का? नळी जिथे आत शिरते तो. खालून दिसत नाही. चाक काढा, कमानीतलं प्लॅस्टिकचं अस्तर सोडवा, दाढीचा छोटा आरसा आत धरा. रेघा सोडा, नऊ वर्षांच्या रबरावर त्या असायच्याच.

शंकासुर :
सापडली!! आरशात बघत पाणी मारलं. पहिली दोन मिनिटं काही नाही. मग पितळी नटाच्या एकाच बाजूला, मोहरीएवढा पांढरा ठिपका. तो वाढून साबुदाण्याएवढा झाला, ओघळला, आणि त्याच जागी दुसरा उगवला. बोटानं नळी जरा बाजूला दाबली की थांबायचा, सोडली की पुन्हा. मी तिथे किती वेळ नुसता बघत उभा होतो, सांगत नाही. आता नट घट्ट आवळू का?

पानाहातोडी :
आवळू नका! आवळून ती बंद होत नाही, उलट आतला दात नळीत आणखी रुततो. जोड नवा घ्या. आत पकडणारा दात आणि सील असतं, ते एकदाच वापरायचं. चासी स्टँडवर, फ्यूज बाहेर. नट एक आटा सैल करून थांबा. सूऽऽ आवाज पूर्ण बंद झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, आत टायरच्या कितीतरी पट दाब असतो. नळीच्या टोकावर जुन्या दाताचे ओरखडे दिसतील, तेवढा सेंटीमीटरभर तुकडा नव्या ब्लेडनं काटकोनात कापा. कात्री नको, पक्कड नको, चेपलेलं टोक परत गळतं. किती आत जायला हवी तिथे पेननं खूण करा आणि खुणेपर्यंत दाबा.

वायुपुत्र :
आणि गाडी खाली घेताना रिकाम्या बॅगेवर पूर्ण वजन टाकू नका, रबराची घडी वाकडी पडते आणि मग खरोखरच नवी बॅग आणावी लागते. थोडं वजन जॅकवर ठेवा, फ्यूज लावा, इंजिन चालू करून हवा भरू द्या. बॅग गोल फुगलेली दिसली की जॅक हळूहळू उतरवा.

शंकासुर :
बदलला. कापलेल्या तुकड्यावर ओरखडा होता तो एकाच बाजूला खोल, म्हणजे नळी पूर्वीपासून तिरकी बसली असावी. यापूर्वी शॉकअपच्या कामासाठी एकदा तो जोड उघडला गेला होता, तेव्हाचं असेल. काल रात्री १० ला ४६५, ४६५, ४७८, ४७७. आज सकाळी ७ ला ४६३, ४६२, ४७५, ४७५. बॅग एकही बदललेली नाही.

पण टाकी भरायला अजूनही वेळ लागतो. कॉम्प्रेसर गरम होऊन मध्येच थांबतोसुद्धा.

वायुपुत्र :
अभिनंदन. महिनाभर राबलाय तो, दमणारच. आधी हवा आत घेणारी जाळी साफ करा आणि ड्रायरचा (हवेतली ओल शोषणारा) डबा बघा. त्यातले सिलिका जेलचे दाणे ओले किंवा चुरा झालेले असतील तर बदला. ब्लॉकच्या जोडांवर पांढरी पूड दिसली तर तो त्याच दाण्यांचा चुरा, आणि तो व्हॉल्व्हमध्ये अडकला की पुढची गळती तिथून सुरू होते. त्यानंतरही दम लागत असेल तर पिस्टनची रिंग बदला, कित्येक कॉम्प्रेसरसाठी ती सुटी मिळते. कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा रिले पण जुना ठेवू नका, तो चिकटला तर कॉम्प्रेसर थांबणारच नाही. जमल्यास सस्पेन्शनचा विभाग वाचणारा स्कॅनर उसना आणा आणि टाकीचा दाब चढताना बघा. एकसारखा चढून वरच्या टोकाला रेंगाळला तर रिंग.

शंकासुर :
ड्रायर उघडला. दाणे नाहीत, लापशी आहे. फोटो टाकणार होतो, पण कुणी जेवत असेल. ड्रायर आणि रिंग दोन्ही मागवतो.

निवांत_चालक :
फ्यूज नेमका कुठला काढायचा, हे कसं ओळखलंत? शेजाऱ्याची गाडी बसतेय, त्याला सांगतो.

शंकासुर :
फ्यूजबॉक्सच्या झाकणामागे नकाशा असतो. दोन दिसले तर कॉम्प्रेसरचा मोठा नव्हे, कंट्रोलरचा छोटा काढायचा. मी पहिल्या रात्री मोठा काढला होता. कंट्रोलर आपला जागाच राहिला आणि सकाळी चारही कोपरे खाली. ती मापं इथे टाकलीच नाहीत.