छोट्या केसमध्ये फॅन कोंबून पीसी थंड होत नाही

सतरा_बाय_सतरा

काल इथे एका नवख्याने पीसीच्या तापण्यावर प्रश्न विचारला, त्यावर फॅनवीर यांनी सगळ्या नवख्यांना सल्ला दिला: मिनी आयटीएक्स केस (सगळ्यात लहान मदरबोर्डची छोटी पेटी) घेतली की जागा दिसेल तिथे फॅन बसवा, सगळे हवा आत ओढणारे ठेवा, गरम हवा दाबाने आपोआप बाहेर पडते. त्याखाली धन्यवादांची रांग लागली आहे. कुणी त्यावर पैसे घालवायच्या आत कुणीतरी बोलायला हवं, म्हणून हा धागा.

हवा बाहेर पडते, मान्य. पण दहा ते अठरा लिटरच्या केसमध्ये ती जिथून पडते तिथून चार बोटांवर दुसऱ्या फॅनचं तोंड असतं आणि तो तीच गरम हवा परत आत घेतो. खोटं वाटत असेल तर गेम चालू असताना प्रत्येक जाळीपाशी पेटती उदबत्ती धरा. मागून बाहेर आलेला धूर वळून बाजूच्या जाळीत शिरताना डोळ्यांना दिसतो.

आता हिशोब. गेम खेळताना सीपीयू (प्रोसेसर) आणि जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) मिळून ३०० वॅट उष्णता धरा. केसमधून ५० सीएफएम (मिनिटाला ५० घनफूट) ताजी हवा आरपार गेली तर ती १०-११ अंशांनी तापून बाहेर पडते. २५ सीएफएमच गेली तर २१ अंशांनी. फॅनच्या खोक्यावर छापलेले ६० सीएफएम समोर काहीही आडवं नसतानाचे असतात. फिल्टर, जाळी, जीपीयूचा हीटसिंक (उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पट्ट्या) मध्ये आला की त्यातले किती उरतात हे वाटेवर ठरतं, फॅन मोजून नाही.

म्हणून खालून आत, वरून बाहेर, अशी एकच वाट ठेवा. केसच्या बाजूची काच काढा, तिथे जाळीची बाजू लावा. जीपीयू आणि खालचे फॅन यांच्यातली फट खिडकीला लावतात त्या फोमच्या पट्टीने बुजवा. आणि सीपीयूची विजेची मर्यादा खाली आणा. एएमडीचा रायझन ७७००एक्स प्रोसेसर मोकळा सोडला तर १४२ वॅट ओढतो, इको मोड या कमी विजेच्या सेटिंगमध्ये ८८. गेममध्ये फरक शोधून सापडत नाही.

फॅनवीर

नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. मी आत ओढणारे फॅन सांगितले ते धुळीसाठी. बाहेर फेकणारे वरचढ झाले की यूएसबीच्या खाचेतूनसुद्धा हवा आत येते आणि तिथे फिल्टर नसतो. माझ्या घरासमोर इमारतीचं काम चालू आहे. आधीच्या केसमध्ये दर महिन्याला हीटसिंकवर सिमेंटचा थर बसायचा, ब्रशने निघायचा नाही. आता फिल्टर धुतला की काम झालं. जीपीयू आरटीएक्स ४०६० आहे, ६५ अंशांच्या वर जात नाही. उदबत्ती देवासमोर लावा.

सतरा_बाय_सतरा

४०६० म्हणजे ११५ वॅट, ती कशातही गार राहते. काल ज्यांनी प्रश्न विचारला त्यांच्याकडे ४०७० आहे, २०० वॅटची. तुमच्या घरातली धूळ खरी आहे, पण त्यावरून सगळ्यांना एकच सल्ला? आत ओढणारे दोन, बाहेर फेकणारा एक ठेवला तरी आतला दाब जास्तच राहतो, धूळ फटींतून ओढली जात नाही. 'सगळे आत' या दोन शब्दांवर माझा आक्षेप आहे आणि राहील.

संत्रानगरी

तुम्ही लोक पुण्यात बसून अंश मोजून राहिले. मे महिन्यात नागपूरला या. बाहेर ४५, वरच्या मजल्यावरची खोली संध्याकाळीही ४०. खालून आत घ्या नाहीतर वरून, आत येऊन राहिली ती हवाच ४० ची. त्यात तुमचे ११ मिळवा. मी सरळ केसच्या बाजूचं दार काढलं आणि समोर खोलीतला पाण्याचा कूलर लावला. जीपीयू ७० च्या घरात. आणि ते ८८ वॅटचं मला काही पटत नाही. पैसे पूर्ण चिपचे दिले, वापर अर्ध्यावर काऊन करायचा?

रत्नांग्रीकर

कूलर? म्हणजे पाण्यातून काढलेली हवा उघड्या मदरबोर्डवर? आमच्याकडे कूलर न लावता नुसत्या पावसाळ्यात केसचे स्क्रू गंजतात. मागच्या स्लॉटच्या पट्ट्यांवर तांबडे ठिपके आलेत. सर्किटवर पाणी बसलं तर वॉरंटीवालेही दारात उभे करणार नाहीत. लोकांना असले सल्ले देऊ नका.

संत्रानगरी

भाऊ, तुमच्या रत्नागिरीत कूलर चालतच नाही, हवा आधीच ओली. आमच्याकडे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. ४४ ची हवा कूलरमधून ३० च्या आत येते. जे वापरलंच नाही त्यावर बोलू नका.

रत्नांग्रीकर

वापरायची गरज नाही, पाणी आणि वीज एकत्र येऊ नयेत हे शाळेत शिकलोय. तुमचा पीसी जळेल तेव्हा याच धाग्यावर सांगा.

दवबिंदू

दोघेही थोडं थांबा. हवेतलं पाणी पृष्ठभागावर कधी बसतं? पृष्ठभाग हवेच्या दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्यापेक्षा, गार असेल तेव्हा. चालू पीसीचा प्रत्येक भाग भोवतालच्या हवेपेक्षा गरम असतो. तेव्हा कूलरच्या हवेने चालू मदरबोर्डवर दव पडणार नाही, संत्रानगरींचं बरोबर आहे.

पण धोका वेगळा आहे. ताट्या जुन्या झाल्या की कूलर हवेबरोबर बारीक थेंबही फेकतो आणि बोअरचं पाणी असेल तर थेंब वाळल्यावर पांढरा क्षार उरतो. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर दिसतो तोच. तो धुळीत मिसळून ओल धरू लागला तर गंज आणि शॉर्ट, दोन्हींची भीती. पीसी कूलरच्या झोतात नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. कूलरमागची खिडकी उघडी हवी आणि समोरूनही हवेला बाहेर जायला वाट हवी, नाहीतर खोली नुसती दमट होते.

रत्नांग्रीकर

म्हणजे धोका आहे ना? मी तेच म्हणत होतो.

संत्रानगरी

तुम्ही पाणी बसते म्हणत होते. क्षाराचं नावही घेतलं नव्हतं.

गिरगावचा_वायरमन

दार उघडं ठेवणाऱ्यांसाठी: आमच्या चाळीत एकाच्या उघड्या केसमध्ये रात्री पाल शिरली. ऊब शोधत येतात त्या. सकाळी पीसी चालू केला आणि ती जीपीयूच्या फॅनमध्ये अडकली. एक पातं तुटलं, कार्ड थरथरायला लागलं. फॅनवर वॉरंटी मिळाली नाही.

आणि विषय निघालाच आहे तर, लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून मी सीपीयूला वॉटर कूलर (नळ्यांतून पाणी फिरवून थंड करणारा) बसवून घेतला होता. पठ्ठ्याने रेडिएटर (पाणी गार करणारी जाळी) तळाशी लावला, पंप सगळ्यात वर. नळ्यांतली हवा वरच जमते, म्हणजे पंपातच. पहिल्या दिवसापासून खळखळ. सांगायला गेलो तर 'आवाज नॉर्मल आहे'. पीसी जोडायचा चार्ज मात्र आधी घेतला. लहान केसमध्ये वॉटर कूलर घालणाऱ्यांनी आधी रेडिएटर कुठे बसणार ते विचारा.

सतरा_बाय_सतरा

कूलर, पाल, वॉटर कूलर. मूळ प्रश्न केसमधल्या वाटेचा होता.

नवखा_बिल्डर

कालचा प्रश्न माझाच. काच काढून खोक्यात आलेली जाळीची बाजू लावली. जीपीयू ८३ वरून ७५. वरचे दोन फॅन उलटे करून बाहेर फेकणारे केले, आणखी ३ अंश. पण रेंडर (चित्र तयार करायचं जड काम) लावला की सीपीयू अजून ९५ च. मग फायदा काय?

सतरा_बाय_सतरा

रायझन ७००० मालिकेतल्या या 'एक्स' चिप सगळे कोर जुंपले की ९५ पर्यंत जाईल असं एएमडीनेच ठेवलंय. थंडावा वाढवलात की ती तापमान उतरवत नाही, वेग वाढवते. म्हणून ९५ कडे बघू नका, तेव्हाचे मेगाहर्ट्झ बघा. तापमानच उतरवायचं असेल तर बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) इको मोड ६५. नाव ६५ असलं तरी त्यात अख्ख्या चिपची मर्यादा ८८ वॅट होते.

फॅनवीर

जाळीने ८ अंश उतरले, ते कोण नाकारतंय? काच ठेवा असं मी कुठे लिहिलं होतं? वरचे फॅन बाहेर फेकणारे केल्यावर ३ अंश, तेही ४०७० ला. ठीक आहे, माझ्या पोस्टमध्ये 'सगळे' च्या जागी 'जास्तीचे' करतो. पण महिन्याभराने नवखा_बिल्डर यांनी फिल्टर नसलेल्या फटी उघडून फोटो टाकावा.

नवखा_बिल्डर

टाकतो. इको मोड लावला. रेंडर थोडा लांबला, सीपीयू ७६. फॅनचा आवाज दुसऱ्या खोलीत जात नाही, आईने पहिल्यांदा विचारलं की बंद पडलाय का.

संत्रानगरी

मीही रात्री ८८ लावून बघितलं. गेम तसाच चालून राहिला, हे सांगतो. पैसे वाया गेल्यासारखं वाटतेच, पण ठेवून दिलं. कूलरही सरकवला खिडकीकडे. दार मात्र पाऊस पडेपर्यंत लावत नाही.

रत्नांग्रीकर

मग निदान खिडकीला लावतात ती नायलॉनची जाळी त्या जागी ताणून बसवा. पालीपुरती तरी.

संत्रानगरी

हे एक कामाचं बोलले. घरात तुकडा पडला आहे, उद्या कापतो.