मदत हवी आहे : तेरा वर्षांच्या भाचीसाठी स्टीमपंक (जुन्या काळातल्या अचाट, कल्पित यंत्रांच्या) साहसकथा

नमस्कार मंडळी,

भाचीने स्कॉट वेस्टरफेल्डची 'लेव्हायथन' त्रयी (२००९ ते २०११) नुकतीच संपवली आणि आता तिला दुसरं काही गोडच लागत नाहीये. १९१४चं महायुद्ध, एका बाजूला पायांवर चालणारी लोखंडी यंत्रं, दुसरीकडे देवमाशापासून घडवलेलं जिवंत हवाई जहाज! त्यातली धातूचे काटे खाऊन शत्रूवर सोडणारी वटवाघळं तिने वहीभर काढली आहेत. मुलाच्या वेशात हवाई दलात शिरणारी डेरिन तर तिची अगदी लाडकी.

तर असं अजून काय द्यावं? फिलिप रीव्हचं 'मॉर्टल इंजिन्स' मनात आहे. चाकांवर फिरणारी, एकमेकांना गिळणारी शहरं तिला नक्की आवडतील. पण त्यात मृत्यू बरेच आहेत. तुमच्या मुलांनी या वयात वाचलंय का? झेपलं का?

भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न वाचून झालाय. या धाटणीची मूळ मराठी कादंबरी असेल तर फारच हवी आहे. यंत्रं चालवणारी मुलगी आणि चित्रं असली तर उत्तम, प्रेमकथा नको. दिवाळीच्या सुट्टीआधी मागवायचं आहे, कृपया सुचवा.