गच्चीवर तीन अँटेना, डक्टमधून केबल मात्र एकच

स्पार्क_डोंबिवली
नमस्कार हॅम रेडिओवाले (हौशी बिनतारी) मंडळी. वर्षभर खेटे घातल्यावर सोसायटीची परवानगी मिळाली, ती अशी: "गच्चीवर काय लावायचं ते लावा, डक्टमधून वायर एकच." ती वायर टाकली, २८ मीटर आरजी-२१३ (जाड कोअॅक्स केबल). वर ४० मीटर बँडचा (बँडचं नाव तरंगलांबीवरून) डायपोल, म्हणजे मध्यावर केबल जोडलेली दोन बाजूंची तार, २ मीटरसाठी ४९ सेंमी काडीचा ग्राउंड प्लेन (उभा अँटेना) आणि ७० सेंमीसाठी तसाच एक पिटुकला. घरात एचएफ सेट (४०, २० मीटरसारख्या लांब तरंगांचा), शिवाय गाडीत लावतात तसला ड्युअल बँड सेट (२ मीटर म्हणजे व्हीएचएफ, ७० सेंमी म्हणजे यूएचएफ).

सुरुवात म्हणून दोन्ही काड्या टी कनेक्टरने जोडल्या. सुट्या मोजल्या तेव्हा १४५ मेगाहर्ट्झवर (२ मीटर) एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळला त्याचा आकडा, १ म्हणजे उत्तम) १.३ आणि ४३५ वर (७० सेंमी) १.२ होता. टी लावल्यावर ४३५ वर २.१! १४५ चं तर विचारूच नका. टीपासून पिटुकल्याकडे जाणारा तुकडा बदलला तर तिथे १.६ चा ३.४ झाला. आमचा केबलवाला म्हणतो, "टीव्हीचा स्प्लिटर टाका, दोन मिनिटांचं काम." टाकू का? आणि जमलं तर २० मीटर बँडही हवा आहे.

जुना_व्हॉल्व्ह
स्प्लिटर अजिबात नको. तो ७५ ओहमचा, आत करंगळीच्या नखाएवढा फेराइट. पीटीटी (बोलायचं बटण) दाबलंस की त्याचा धूर.

आता तुझा २.१ कुठून आला ते बघ. १४५ ला ३ ने गुण: ४३५. तुझी २ मीटरची पाव तरंगाची काडी ४३५ वर पाऊण तरंगाची होते, म्हणजे तिथेही ती रेझोनंट (सुरात जुळलेली). दोन ५० ओहम समांतर म्हणजे २५, एसडब्ल्यूआर २. मोजमाप बरोबर आहे, जोडणी चूक आहे. उलट बाजूला, १४५ वर छोटी काडी म्हणजे नुसता कपॅसिटर, आणि मधल्या केबलची लांबी बदलली की टीला तो वेगळाच दिसतो. म्हणून तुकडा बदलला की आकडा उड्या मारतो.

टीच्या जागी डायप्लेक्सर लागतो. आत एक लो पास, एक हाय पास. प्रत्येक बँडला आपापली वाट. दुकानात डुप्लेक्सर मागू नकोस हो, ते रिपीटरवाल्यांचं (ऐकलेलं पुन्हा प्रसारित करणाऱ्या केंद्रांचं) प्रकरण. (मी मागितला होता. किंमत ऐकून खुर्ची मागितली.)

पण मी तुझ्या जागी असतो तर दोन्ही काड्या उतरवून एकच ड्युअल बँड व्हर्टिकल लावला असता. मग एचएफ आणि व्हीएचएफ-यूएचएफ वेगळे करणारा डायप्लेक्सर, एक वर आणि तसाच एक खाली, एवढ्यात भागतं. पन्नास डेसिबल आयसोलेशन (दोन वाटांमधली आडकाठी) असेल तर एचएफच्या ५० वॉटपैकी दुसऱ्या सेटकडे अर्धा मिलीवॉट जातो. यूएचएफच्या बाजूला एन कनेक्टरच घे. आणि २८ मीटर आरजी-२१३ मध्ये ४३५ वर चार डेसिबलच्या वर जातात, ते धरून चाल.

कोकणकडा
स्पार्कदादा, २० मीटरसाठी नवीन काही जोडायचं नाही. त्याच डायपोलच्या मध्यावर आणखी दोन तारा बांधायच्या, बास. ४० साठी प्रत्येक बाजू साधारण १० मीटर, २० साठी ५. १४ मेगाहर्ट्झवर लांब तारेचा इम्पीडन्स (करंटला होणारा विरोध) इतका चढतो की करंट मुकाट्याने छोट्या तारेत जातो. शिवाय ७ ची तिप्पट २१, म्हणजे व्हॉल्व्हकाकांनी सांगितलेली तीच तिप्पट इथे फायद्याची: १५ मीटर बँड जवळजवळ फुकट.

माझी चूक सांगते. मी तारा दोन बोटांच्या अंतरावर बांधल्या आणि २० मीटरची तार कापून कापून रडकुंडीला आले. आता वायरिंगच्या पीव्हीसी पाइपचे ३० सेंमीचे तुकडे मध्ये घातलेत आणि टोकं लांब फाकवली आहेत. आधी लांब तार जुळवायची, मग छोटी. छोटी वीतभर जास्तच ठेवायची, कापलेली परत वाढत नाही. मध्यावर १:१ चोक बलून (करंट केबलच्या बाहेरून उतरू न देणारा) हवाच. आणि जूनच्या आत कनेक्टरवर सेल्फ अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप. साध्या इन्शुलेशन टेपने माझ्या केबलमध्ये विहीर झाली होती.

रिले_राजा
वर १२ व्होल्टचा रिले आणि त्याच कोअॅक्समधून डीसी, हाही मार्ग आहे. मी तसंच चालवतो. फक्त एका वेळी एकच अँटेना मिळतो.

जुना_व्हॉल्व्ह
तिथेच तर गोम आहे. अंतराळ स्थानकाचा रिपीटर १४५.९९० वर ऐकतो आणि ४३७.८०० वर बोलतो. सेट फुल डुप्लेक्स (बोलतानाच ऐकूही शकणारा) असेल तर डायप्लेक्सर आणि ड्युअल बँड अँटेनावर दोन्ही एकदम चालतं. मात्र १४५.९९० ची तिप्पट ४३७.९७०, तुझाच हार्मोनिक (पटीतली फ्रिक्वेन्सी) तुझ्या उरावर. पॉवर कमी ठेव.

स्पार्क_डोंबिवली
तीन आठवड्यांनी येतोय. काड्या उतरवल्या, व्हर्टिकल चढवला, दोन डायप्लेक्सर बसवले. १४५ वर १.४, ४३५ वर १.५. परवा पहाटे स्थानक वर आलं तेव्हा ४३७.८१० वर सुरुवात करून डॉप्लरबरोबर (स्थानकाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकते) खाली सरकत गेलो, आणि स्वतःचाच आवाज ऐकू आला. बायको उठून आली, म्हणे कोणाशी बोलताय?

ताई, ४० मीटर सरळ आला, ७.१ वर १.३. २० मीटरचा मात्र सगळ्यात कमी एसडब्ल्यूआर १३.८ वर मिळतोय, म्हणजे तार अजून लांब आहे. रविवारी दोन्हीकडून पाच-पाच सेंमी कापतो. की आधी नुसती दुमडून बघू?

कोकणकडा
दुमडा. पक्कड घरीच ठेवून वर जा.