शब्दचर्चा : एलियासिंगला ‘ऊर्फ’ म्हणावं की ‘तोतया’?

ऐरोलीकर : इंजिनीअरिंगच्या मुलांची संध्याकाळी शिकवणी घेतो. डीएसपीचा (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे संकेताचे आकडे करून त्यांवर काम करणं) पेपर इंग्रजीतच लिहायचा असतो, पण समजावताना मराठीच तोंडात येते. सिग्नलला संकेत, सँपलला नमुना, फ्रीक्वेन्सीला वारंवारता (विश्वकोशात कंप्रता आहे, पण मुलांना शाळेतला शब्द जवळचा). इथवर अडत नाही. पण नमुने विरळ घेतले की एक वारंवारता दुसरीच भासते, त्या एलियासिंगला काय म्हणता?

कळव्याची : आमच्याकडे ‘नमुना’ म्हणजे माझा धाकटा भाऊ, आणि मिसळीच्या दुकानात ‘सँपल’ म्हणजे रस्सा. तरी नमुनाच ठेवा.
एलियासला आपल्याकडे ‘ऊर्फ’ आहेच की. सेकंदाला ८००० नमुने घेतले, तर ५००० हर्ट्झच्या आणि ३००० हर्ट्झच्या कोसाइनचे आकडे तंतोतंत सारखे येतात. ५००० ऊर्फ ३०००!

घणसोलीकर : ताई, ऊर्फमध्ये माणूस एक आणि नावं दोन. इथे स्वर दोन आणि नोंद एक. शिवाय ऊर्फ लावण्यात लपवाछपवी नसते, आणि मुलांना नेमकी लपवाछपवीच कळायला हवी. माझं मत ‘तोतया’ला. १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले आणि पुढे त्यांच्या नावाने तोतया उभा राहिला, तसा हा ५००० वाला ३००० चं सोंग घेऊन येतो. फरक इतकाच, की भाऊंचा तोतया शेवटी पकडला गेला. इथे एकदा नमुने घेऊन झाले, की नुसत्या आकड्यांवरून खरा कोण ते ठरवता येत नाही. म्हणून अँटी-एलियासिंग फिल्टर (जास्तीच्या वारंवारता अडवणारी चाळणी) एडीसीच्या, म्हणजे संकेताचे आकडे करणाऱ्या भागाच्या, आधी लावतात. नंतर लावला तर तो सोंगासकट खऱ्यालाही कापेल. तोंडी परीक्षेला विचारण्यासारखा प्रश्न आहे हा.

ऐरोलीकर : तोतया पटला. एका मुलीने जांभळी नाक्याच्या बाजारात मोबाइलवर व्हिडिओ काढला. दुकानातली जुनी ट्यूबलाइट त्यात लुकलुकते, समोर उभं राहून पाहिलं तर नाही. हाही तोतयाच ना?

कळव्याची : हो, तोच. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून उजेड, प्रत्येक आवर्तनात दोनदा, सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. व्हिडिओ ३० फ्रेमचा असेल तर १०० मधून ९० (३० ची तिप्पट) गेले, उरले १०. तेवढी लुकलुक दिसते. तिला २५ फ्रेम ठेवायला सांगा. १०० ला २५ ने पूर्ण भाग जातो, लुकलुक गायब. म्हणजे ती थांबली असं नाही हं, तोतयाने आता शून्याचं सोंग घेतलंय!
ऊर्फ मागे घेते. पण तोतया हा त्या स्वराला झाला. क्रियेला?

घणसोलीकर : तोतयेगिरी. आणि जिच्यावरच्या वारंवारता दुमडून खाली येतात त्या फोल्डिंग फ्रीक्वेन्सीला सरळ ‘घडी’ म्हणा. ती नमुनादराच्या निम्म्यावर पडते, ८००० ला ४००० वर. ५००० हा घडीच्या १००० वर, म्हणून उतरतो १००० खाली, ३००० ला. ७००० जातो १००० वर. टेलिफोनवर बोलणं साधारण ३४०० हर्ट्झपर्यंतच ठेवून ८००० नमुने घेतात, कारण फिल्टर काही डोंगरकड्यासारखा सरळ तुटत नाही. ३४०० ते ४००० ही त्याला उतरायला जागा.

ऐरोलीकर : मग नायक्विस्टची अट (नमुनादर संकेतातल्या सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या किती पट हवा ती) मराठीत ‘दुप्पट’ सांगू की ‘दुपटीहून जास्त’? मुलं दुप्पटच घोकतात.

घणसोलीकर : ‘दुपटीहून जास्त’च सांगा, सर. फळ्यावर ४००० हर्ट्झची साइन काढा, ८००० नमुने घ्यायचे, पहिला नमुना बरोबर शून्यावर. मग प्रत्येक नमुना शून्यच येतो, आणि लाइन बंद आहे की स्वर चालू आहे तेही कळत नाही.